दायमाबादची कांस्यशिल्पे नेमकी कोणत्या काळाची?

प्रवरातीर (प्रश्न)

नमस्कार. दायमाबाद येथे १९७४ साली मिळालेल्या चार धातुशिल्पांविषयीची एक शंका येथील जाणकारांपुढे मांडत आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी असलेल्या या टेकाडावर एका स्थानिक शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना ही शिल्पे सापडली. बैलजोडी जुंपलेला आणि उभ्या पुरुषाने हाकलेला रथ, तसेच हत्ती, गेंडा आणि रेडा अशी ती चार शिल्पे आहेत. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आहे, सर्व शिल्पे भरीव ओतलेली आहेत आणि त्यांचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक भरते. सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख बहुधा ‘उत्तर हडप्पाकालीन’ (म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या टप्प्यातील) असा, पुढे कोणतीही पुस्ती न जोडता केलेला आढळतो.

मात्र थोडे खोलात वाचू लागल्यावर वेगळे चित्र दिसते. म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी या तिघांनीही दायमाबाद येथे प्रत्यक्ष उत्खनन केले होते आणि तिघांचाही कल ही शिल्पे उत्तर हडप्पा काळातील मानण्याकडे होता. त्याउलट प्राचीन धातुविद्येचे अभ्यासक डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या रासायनिक पृथक्करणावरून ती ऐतिहासिक काळातील, म्हणजे लिखित पुरावे मिळू लागल्यानंतरच्या काळातील असावीत, असे मत मांडले. या शिल्पांत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे आणि ताम्रपाषाणयुगातील (तांबे व दगड या दोन्हींची अवजारे वापरली जात त्या काळातील) इतर वस्तूंमध्ये असा मिश्रधातू आढळत नाही, हा त्यांचा आधार. ही दोन मते एकमेकांपासून थोडीथोडकी दूर नाहीत. त्यांच्यामध्ये दीड-दोन हजार वर्षांचे अंतर पडते.

माझा प्रश्न असा आहे की, ज्या वस्तूसारखी दुसरी वस्तू त्या संस्कृतीच्या कोणत्याही स्थळावर मिळालेली नाही आणि जी शास्त्रीय उत्खननात नव्हे तर योगायोगाने मिळाली आहे, तिच्या काळाचा निर्णय कोणत्या पुराव्यावर करावा? प्रयोगशाळेचा निष्कर्ष आणि प्रत्यक्ष टेकाड खणणाऱ्यांचे मत एकमेकांशी जुळत नसेल, तर अधिक वजन कशाला द्यावे? हा महाराष्ट्राच्या मातीतला ठेवा आहे आणि त्याच्याविषयी अभिमान बाळगताना तो नेमक्या कारणांसाठी बाळगावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

थर आणि खापर

प्रवरातीर, आपण प्रश्न योग्य ठिकाणी आणून ठेवला आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट बाजूला काढतो, कारण अशा चर्चेत ती नकळत मिसळते. ही शिल्पे आधुनिक काळात कोणी बनावट घडवून पुरली, असे या वादातील कोणत्याही पक्षाचे म्हणणे नाही. ती प्राचीन आहेत हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. वाद आहे तो त्यांचा संबंध टेकाडातील कोणत्या वस्तीशी जोडायचा, एवढाच. पण तो संबंधच अस्सल नसेल, तर या शिल्पांवरून आपण दख्खनच्या प्राचीन समाजाविषयी जे जे सांगतो ते सगळे ढासळते. म्हणून हा वाद तपशिलाचा नाही.

आता टेकाडाकडे पाहू. दायमाबाद हे स्थळ १९५८ साली बा. पु. बोपर्डीकर यांनी उजेडात आणले. त्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे तीनदा उत्खनन केले: १९५८-५९ मध्ये देशपांडे, १९७४-७५ मध्ये राव आणि १९७५-७६ ते १९७८-७९ या काळात साळी यांच्या मार्गदर्शनाखाली. या उत्खननांतून एकावर एक असलेल्या पाच वस्त्यांचा क्रम निश्चित झाला. तळाशी सावळदा, तिच्यावर उत्तर हडप्पा, मग दायमाबाद संस्कृती, मग माळवा आणि सर्वांत वर जोर्वे. उत्तर हडप्पा थरात हडप्पा लिपीतील चिन्हे असलेल्या दोन मुद्रा (शिक्के) आणि काही खापरे मिळाली. त्यामुळे हडप्पा परंपरेशी नाते असलेले लोक प्रवरेच्या खोऱ्यात येऊन राहिले होते, ही गोष्ट शिल्पांचा आधार न घेताही सिद्ध होते. हे महत्त्वाचे आहे, कारण शिल्पांचा काळ उद्या बदलला तरी हा निष्कर्ष उभाच राहील. इ. स. पू. १००० च्या सुमारास जोर्वे लोकांनी हे गाव सोडले आणि पांढरीवर पुढे ऐतिहासिक काळातील वस्ती उभी राहिली नाही.

शिल्पे ऐतिहासिक काळाच्या आधीची मानणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा मला हाच वाटतो. सातवाहन काळात किंवा त्यानंतर ज्या ठिकाणी गावच नव्हते, तेथे ६० किलो धातूची मौल्यवान शिल्पे कोण कशासाठी आणील? तरीही या मुद्द्याची मर्यादा ओळखली पाहिजे. पुरून ठेवलेला ठेवा हा नेहमी वरून खड्डा खणून ठेवलेला असतो. खड्डा खणणारा माणूस जोर्वे काळातला असेल आणि त्याचा खड्डा खाली उत्तर हडप्पा थरापर्यंत पोहोचला असेल, तर वस्तू त्या खालच्या थरात सापडेल, पण ती पुरली गेली ती हजार वर्षांनंतर. म्हणूनच उत्खननात आम्ही वस्तूच्या खोलीपेक्षा खड्ड्याचे तोंड कोणत्या थरातून सुरू होते, याकडे अधिक लक्ष देतो. खड्ड्याच्या भरावातील माती आजूबाजूच्या थरापेक्षा सैल आणि मिश्र रंगाची असते व उभ्या छेदात ती रेघ स्पष्ट दिसते. मूळ खणताना हात धातूला लागला त्या क्षणी ही रेघ मोडली गेली. यात त्या शेतकऱ्याचा कोणताही दोष नाही. उलट त्याच्यामुळेच हा ठेवा जगापुढे आला. पण नोंद न होता मोडलेली रेघ पुन्हा जोडता येत नाही आणि साठा कोणत्या वस्तीचा, हे ठरवताना आपल्याला परिस्थितिजन्य पुराव्यावरच भिस्त ठेवावी लागते.

याच्या नेमके उलट उदाहरण म्हणजे पॉम्पेई येथे १९३८ साली मिळालेली हस्तिदंती भारतीय स्त्रीप्रतिमा. इटलीतील एका घरात भारतीय शिल्प सापडणे याहून अनपेक्षित ते काय असणार? तरीही तिच्या काळाविषयी वाद झाला नाही, कारण इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेने ते घर बंद करून टाकले होते. प्रतिमा त्याआधीची असलीच पाहिजे. ती भारतात कोठे घडली, यावर मात्र पुष्कळ मतांतरे झाली. आधी मथुरेचे नाव घेतले गेले आणि पुढे भोकरदन व तेर येथे मिळालेल्या तशाच धाटणीच्या प्रतिमांमुळे दख्खनकडे लक्ष वळले. संदर्भ शाबूत असला, की आश्चर्यकारक वस्तूही निश्चिंतपणे स्वीकारता येते. दायमाबादच्या शिल्पांना ते भाग्य लाभले नाही.

धातुशाळा

वरील प्रतिसादातील स्तरांचे विवेचन मला पूर्णपणे पटते. मी केवळ धातूच्या बाजूविषयी लिहितो, कारण ‘प्रयोगशाळेचा निष्कर्ष’ असे म्हटले की तो अंतिम असल्याचा समज होतो आणि येथे तो गैरलागू आहे.

तांबे किंवा कांसे यांचे वय थेट मोजण्याची पद्धत नाही. कार्बन-१४ पद्धतीला सेंद्रिय पदार्थ लागतो. पोकळ ओतलेल्या मूर्तीच्या पोटात मातीचा गाभा उरलेला असेल, तर तापदीप्ती पद्धतीने ती माती शेवटची कधी भाजली गेली हे काढता येते आणि त्यावरून ओतकामाचा काळ मिळतो. दायमाबादची शिल्पे भरीव आहेत, म्हणजे त्यांच्या पोटात गाभाच नाही. ज्या वैशिष्ट्यामुळे ती इतकी वजनदार आणि असामान्य ठरतात, त्याच वैशिष्ट्याने कालमापनाचा हा मार्ग बंद केला आहे. शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून) खनिज कोणत्या खाणीच्या पट्ट्यातले असावे याचा अंदाज येतो, परंतु एकच खाण हजारो वर्षे वापरात राहू शकते. गंजाच्या थरांची जाडी आणि धातूच्या कणांच्या सीमांवरून आत शिरलेला गंज पाहून वस्तू प्राचीन आहे की अलीकडची, हे बऱ्यापैकी सांगता येते, पण इ. स. पू. १८०० आणि इ. स. १०० यांच्यात निवड करण्याइतकी ती मोजपट्टी बारीक नाही. गंज चढण्याचा वेग मातीतील क्षार, ओलावा आणि मिश्रधातू यांवर अवलंबून असतो.

म्हणजे अग्रवाल यांनी केले ते कालमापन नव्हते, ती तुलना होती. त्यांचा तर्क असा, की या शिल्पांत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आहे, ताम्रपाषाणयुगातील इतर वस्तूंत ते नाही, म्हणून ही शिल्पे त्या परंपरेतील नव्हेत. तर्क सरळ आहे आणि तो मांडणारा माणूस भारतातील प्राचीन धातुविद्येच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांपैकी होता, त्यामुळे तो हलक्याने बाजूला सारता येणार नाही. तरीही त्याच्या तीन ठिकाणी मला अडते.

पहिले म्हणजे तुलनेचा पल्ला. उत्तर हडप्पा काळाविषयी बोलायचे असेल, तर केवळ दख्खनच्या माळवा-जोर्वे वस्तूंशी तुलना पुरेशी नाही. हडप्पा परंपरेतील वस्तूंशीही ती व्हायला हवी. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील काही तांब्याच्या वस्तूंत आर्सेनिक लक्षणीय प्रमाणात आढळले आहे आणि गंगा-यमुना दुआबातील ताम्रनिधींतल्या (तांब्याच्या वस्तूंच्या पुरलेल्या साठ्यांतल्या) काही वस्तूंतही ते आहे. त्यामुळे भारतात इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकात आर्सेनिकयुक्त तांबे अपरिचित होते, असे म्हणता येत नाही.

दुसरे म्हणजे वस्तूंचा आकार. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन स्थळांवर मिळणारे तांबे म्हणजे छिन्न्या, गळ, मणी, बांगड्या, क्वचित कुऱ्हाडी. यातील बहुतेक वस्तू ठोकून घडवता येतात. मोठे भरीव ओतकाम हे वेगळेच काम आहे. वितळलेले शुद्ध तांबे हवेतील वायू शोषून घेते आणि थिजताना त्यात पोकळ्या राहतात. जितका गोळा मोठा, तितकी ही अडचण वाढते. आर्सेनिक थोड्या प्रमाणात असले तरी ते ऑक्सिजन खेचून घेते, रस अधिक प्रवाही होतो आणि ओतकाम सघन उतरते. हत्ती किंवा गेंडा अखंड ओतू पाहणाऱ्या कारागिराने आर्सेनिक असलेले तांबे मुद्दाम निवडले असेल, तर त्यात नवल नाही, आणि बांगडी घडवणाऱ्या त्याच्याच शेजाऱ्याला त्याची गरज पडली नसेल. एकाच गावात एकाच काळी दोन प्रकारचे तांबे असू शकते.

तिसरे, एक टक्का हे प्रमाण असे आहे, की ते हेतुपुरस्सर मिसळलेले की खनिजातूनच आलेले, हे केवळ आकड्यावरून सांगणे अवघड जाते. शिवाय जुनी भांडी-अवजारे वितळवून पुन्हा ओतली, तर प्रत्येक वेळी थोडे आर्सेनिक धुराबरोबर उडून जाते. ते एक टक्क्यावर टिकून आहे, याचा एक अर्थ असा निघतो, की हा धातू खाणीतून निघाल्यानंतर फार वेळा आटवलेला नसावा. तांबे दुर्मिळ असलेल्या प्रदेशात मोडीचा पुनर्वापर अधिक होणार, हे उघड आहे. इतके ताजे तांबे इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रवरेच्या खोऱ्यात कोठून आले, हा प्रश्न मला कालनिर्णयाइतकाच महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्याकडे व्हावे तितके लक्ष दिले गेलेले नाही, याची खंत वाटते.

थोडक्यात, आर्सेनिक ही शिल्पे उत्तर हडप्पाकालीन असल्याचे खोडून काढत नाही. ते तसे असल्याचे सिद्धही करत नाही.

मुद्रावेध

धातू आणि थर यांच्या चर्चेत प्रत्यक्ष शिल्पे मागे पडू नयेत, म्हणून लिहीत आहे. कारागिराने कोणते प्राणी निवडले, याकडे पाहावे. मोहेंजोदडोच्या ज्या प्रसिद्ध मुद्रेला ‘पशुपती’ मुद्रा म्हटले जाते, तिच्यावर आसनस्थ आकृतीभोवती हत्ती, वाघ, गेंडा आणि रेडा असे चार प्राणी कोरलेले आहेत. त्यांपैकी तीन दायमाबादच्या साठ्यात आहेत. गेंडा हा हडप्पा मुद्रांवर वारंवार येणारा प्राणी आहे, तर ऐतिहासिक काळातील दख्खनच्या शिल्पांत हत्ती जागोजागी असूनही गेंडा जवळजवळ दिसत नाही. म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकानेही या शिल्पांचे नाते हडप्पा परंपरेशीच जोडले होते.

चाकांचाही विचार करावा. रेड्याच्या चौथऱ्याखालची चाके आऱ्यांची नसून भरीव आहेत. हडप्पा आणि चन्हुदडो येथे कांस्याच्या लहान गाड्या मिळाल्या आहेत, म्हणजे धातूत चाकाची प्रतिकृती ओतण्याची प्रथा त्या संस्कृतीत होती. याउलट सांची आणि भारहूतच्या शिल्पपटांवर रथ येतात ते आऱ्यांच्या चाकांचे आणि घोडे जुंपलेले. सातवाहनकालीन कारागिराला रथ घडवायचा असता, तर त्याने बैल का जुंपले असते? मला या सगळ्या खुणा एकाच दिशेने जाणाऱ्या दिसतात आणि केवळ स्तराची नोंद नाही म्हणून त्या दुर्लक्षित करणे मला अन्यायाचे वाटते.

थर आणि खापर

मुद्रावेध, प्राण्यांच्या निवडीचा आपला मुद्दा वजनदार आहे आणि तो मी मान्य करतो. गेंडा ही खरोखरच बोलकी खूण आहे. परंतु चाकांच्या आणि बैलांच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. भरीव चाकाच्या बैलगाड्या हडप्पा काळानंतरही या भूमीवर हजारो वर्षे चालत राहिल्या. सांचीवर राजाचा रथ कोरलेला आहे. शेतकऱ्याची गाडी त्याच काळात भरीव चाकांची असू शकते. म्हणजे ही खूण दोन्ही काळांना लागू पडते आणि जी खूण दोन्हीकडे लागू पडते, ती निवाड्यासाठी उपयोगी नाही.

शैलीवरून काळ ठरवण्याविषयी मी इतका सावध का आहे, त्याचे कारण हडप्पा येथे मिळालेल्या दोन लहान पाषाणमूर्ती. त्यांतील लाल दगडाच्या पुरुषधडाची घडण इतकी जिवंत आणि मांसल आहे, की १९३१ च्या आपल्या ग्रंथात हडप्पा संस्कृतीचा शोध जगापुढे मांडणाऱ्या खुद्द जॉन मार्शल यांनी ती प्रागैतिहासिक असण्यावर विश्वास ठेवणे आपल्याला जड गेले, अशा आशयाचे लिहिले होते. त्या मूर्ती उत्खननात मिळालेल्या असूनही त्यांच्या काळाविषयीची कुजबुज थांबली नाही. प्रशिक्षित डोळाही आपल्या अपेक्षांनी बांधलेला असतो.

आता दख्खनचेच उदाहरण घ्यावे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५ च्या सुमारास कांस्यवस्तूंचा एक साठा मिळाला. त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती होती, आरसे होते आणि हत्तीवर बसलेल्या माणसांचे एक सुंदर लहान शिल्पही होते. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत दख्खनमध्ये धातूचे हत्ती घडवले जात होते आणि तेही कौशल्याने, याचा हा पुरावा आहे. दायमाबादचा हत्ती त्या हत्तीसारखा दिसत नाही, त्याची घडण अधिक जड आणि साधी आहे. पण ऐतिहासिक काळाची शक्यता मुळातच हास्यास्पद आहे, असे जर कोणी म्हणत असेल, तर ब्रह्मपुरीचा साठा डोळ्यांपुढे ठेवावा.

प्रवरातीर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भरीव ओतकामामुळे कालमापनाचा मार्ग बंद होतो, ही गोष्ट मला पूर्णपणे नवी होती. धातुशाळा यांना एक विचारायचे आहे: भरीव ओतकाम हेच प्राचीनतेचे लक्षण मानता येईल का? पोकळ ओतण्याचे तंत्र पुढे विकसित झाले, असे मी समजत होतो.

दुसरे असे, की या साऱ्या चर्चेत एक सूर मला अस्वस्थ करतो. ही शिल्पे ‘इतर कोठेही मिळत नाहीत’ हे त्यांच्याविरुद्ध वापरले जाते. एखाद्या समाजाने काही अद्वितीय घडवलेच असेल, तर त्याला जोडीदार पुरावा मिळेपर्यंत आपण ते त्याचे मानायचेच नाही का? लहान खेड्यांत राहणाऱ्या दख्खनच्या शेतकऱ्यांकडून इतके मोठे काम होऊच शकत नाही, असा एक पूर्वग्रह यामागे नसेल कशावरून?

धातुशाळा

भरीव ओतकामावरून काळ ठरवता येणार नाही. सुलतानगंज येथे १८६१ साली मिळालेली बुद्धाची भव्य ताम्रमूर्ती पोकळ आहे, तर तिच्याही नंतरच्या चोळकालीन मूर्ती भरीव ओतलेल्या आहेत. तंत्र परंपरेनुसार आणि धातूच्या उपलब्धतेनुसार बदलते. ते एका सरळ रेषेत पुढे सरकत नाही.

काठावरचा वाचक

प्रवरातीर यांच्या दुसऱ्या प्रश्नासाठी मुद्दाम लिहितो, कारण तो केवळ दायमाबादपुरता नाही. पूर्वग्रहाची भीती रास्त आहे. स्पेनमधील आल्तामिरा गुहेतील चित्रे १८७९ साली उजेडात आली, तेव्हा हिमयुगातील माणूस इतके चांगले चित्र काढूच शकत नाही, असे म्हणून तज्ज्ञांनी ती नाकारली. या चित्रांच्या प्रमुख विरोधकाने, एमिल कार्तेयाक यांनी, १९०२ साली जाहीरपणे आपले मत मागे घेतले. तोवर चित्रे शोधणारे साउतुओला हयात नव्हते. मात्र याच नाण्याची दुसरी बाजूही आहे. इंग्लंडमधील पिल्टडाउन येथील कवटी १९१२ साली पुढे आली ती नेमकी त्या वेळच्या विद्वानांना हवी तशी होती, म्हणून ती स्वीकारली गेली आणि ती बनावट असल्याचे १९५३ पर्यंत उघड झाले नाही. तेव्हा वस्तू अनपेक्षित आहे म्हणून नाकारू नये आणि ती आपल्याला हवीहवीशी आहे म्हणून तिची तपासणी सैलही करू नये. दायमाबादच्या बाबतीत मला दुसरा धोका अधिक मोठा वाटतो. हडप्पा संस्कृतीचा वारसा थेट आपल्या प्रवरेपर्यंत पोहोचला, याचे हे सर्वांत देखणे चिन्ह आहे आणि म्हणूनच त्याला प्रश्न विचारणे आपल्याला नकोसे होते.

वस्तू अस्सल असूनही तिची जागा वादात राहू शकते, याचे सर्वांत जवळचे उदाहरण मला अमेरिकेतील मेन राज्यातले वाटते. तेथील मूळ रहिवाशांच्या एका प्राचीन वस्तीवर १९५७ साली एका हौशी संशोधकाला चांदीचे नाणे मिळाले. पुढे ते इ. स. १०६७ ते १०९३ या काळात राज्य करणाऱ्या नॉर्वेच्या ओलाफ क्युर्रे या राजाचे असल्याचे ठरले. नाणे खरे आहे. प्रश्न एवढाच उरला, की ते अकराव्या-बाराव्या शतकात व्यापारातून तेथे पोहोचले की विसाव्या शतकात कोणीतरी तेथे ठेवले. नॉर्स लोक उत्तर अमेरिकेत आले होते हे न्यूफाउंडलंडमधील लान्स ओ मेडोज येथील उत्खननाने, १९६० नंतर, स्वतंत्रपणे सिद्ध केले. तरीही त्या एका नाण्याचा वाद त्यामुळे सुटला नाही. दायमाबादच्या मुद्रांवरील लिपीचिन्हे आणि ही शिल्पे यांचे नाते मला असेच दिसते. पहिल्या पुराव्याने दुसऱ्याची शक्यता वाढते, खात्री होत नाही.

मात्र आपण सगळे जण ‘संदर्भ गेला तो गेला’ या निष्कर्षावर थोडे लवकर येत आहोत, असे मला वाटते. जर्मनीतील नेब्रा येथील नभचकतीचा, म्हणजे आकाशातील ज्योती दाखवणाऱ्या कांस्य चकतीचा इतिहास पाहावा. १९९९ साली बेकायदा धातुशोधकांनी ती उकरून विकली आणि २००२ साली ती बाझल येथे पोलिसांनी ताब्यात घेतली, म्हणजे संदर्भ दायमाबादपेक्षाही वाईट रीतीने नष्ट झाला होता. तरीही संशोधकांनी चकतीला चिकटलेली माती शोधाच्या जागेवरील मातीशी ताडून पाहिली, खड्ड्याच्या जागी पुन्हा उत्खनन केले आणि बरोबर मिळालेल्या तलवारीच्या मुठीतील भूर्जाच्या सालीचे कार्बन-१४ मापन केले, ते इ. स. पू. १६०० च्या आसपासचे निघाले. २०२० साली दोन पुरातत्त्वज्ञांनी चकती त्या साठ्यातली नसून लोहयुगातील आहे, असा आक्षेप घेतला आणि त्याला त्याच वर्षी सविस्तर उत्तर दिले गेले. वाद झाला, पण तो मोजमापांच्या आधारे झाला. मतांना मते भिडली, असे झाले नाही.

धातुशाळा

नेब्राचे उदाहरण अगदी समर्पक आहे आणि त्यावरून दायमाबादसाठी काय करता येईल, ते ठोस स्वरूपात मांडतो. या शिल्पांत आस बसवण्यासाठी कड्या आणि छिद्रे आहेत, चौथऱ्यांचे सांधे आहेत, बैलांच्या जुवाखाली सापटी आहेत. अशा जागी धातूचे क्षार आजूबाजूचा पदार्थ गिळून घट्ट होतात. तांब्याचे क्षार जंतूंना मारक असल्याने लाकडाचा तंतू, सूत किंवा दोर त्यांच्या सान्निध्यात टिकून राहिल्याची उदाहरणे जगभर आहेत. हत्तीच्या चौथऱ्याला आता आस आणि चाके नाहीत. आस मुळात लाकडाची असेल, तर तिचा कण छिद्राच्या आतल्या गंजात अडकलेला असू शकतो. आजच्या कण-त्वरक यंत्रांना कार्बन-१४ मापनासाठी मिलिग्रॅमच्या पातळीवरचा नमुना पुरतो. त्यासाठी शिल्पाला इजा करण्याची गरज नाही.

त्याच्या जोडीला शिल्पांतील शिशाचे समस्थानिक मोजून ते दायमाबादच्याच नोंद झालेल्या थरांतून मिळालेल्या तांब्याच्या वस्तूंशी ताडून पाहावेत. दायमाबाद संस्कृतीच्या थरात तांबे वितळवण्याच्या भट्टीचा काही भाग मिळाल्याची नोंद आहे. तेथील मळी (धातू वितळवताना उरणारा टाकाऊ खंगर) किंवा भाजलेली माती उपलब्ध असेल, तर तिच्यातही आर्सेनिकचा माग काढता येईल. त्या मळीत आर्सेनिक आढळले, तर अग्रवाल यांच्या तर्काचा आधारच उरणार नाही. ते आढळले नाही आणि समस्थानिकही वेगळ्याच पट्ट्यातले निघाले, तर त्यांचे मत आजच्यापेक्षा पुष्कळ बळकट होईल.

मुद्रावेध

हे माझ्या मताच्या विरुद्ध जाऊ शकते, तरीही ही तपासणी व्हावी असे मलाही वाटते. गेंड्याविषयीचे माझे म्हणणे मात्र मी कायम ठेवतो. ज्या कारागिराने त्याच्या कातडीच्या घड्या धातूत उतरवल्या, त्याच्या परंपरेला तो प्राणी जवळून ठाऊक होता आणि अशी परंपरा आपल्याला हडप्पा मुद्रांवरच दिसते.

थर आणि खापर

एक सूचना जोडतो. ज्या संग्रहालयांत आणि प्रकाशनांत या शिल्पांची माहिती दिली जाते, तेथे ‘उत्तर हडप्पाकालीन’ एवढेच न लिहिता ‘योगायोगाने मिळालेला साठा, तिन्ही उत्खननकर्त्यांच्या मते उत्तर हडप्पाकालीन, धातूच्या पृथक्करणावरून ऐतिहासिक काळाचेही मत’ अशी दोन ओळींची नोंद असावी. शाळेतील मुलांनाही हे समजते, किंबहुना त्यांना ते अधिक आवडते. प्रवरातीर, आपण ज्या प्रकाशनांचा उल्लेख केला, त्यांच्या संपादकांना असे पत्र लिहिणार असाल, तर मसुदा येथे ठेवावा. स्तरांविषयीचा परिच्छेद मी लिहून देतो आणि धातूंविषयीचा धातुशाळा यांनी द्यावा.

प्रवरातीर

मसुदा या आठवड्यात येथे ठेवतो. हत्तीच्या चौथऱ्यातील छिद्रांच्या तपासणीची विनंतीही त्यातच, स्वतंत्र परिच्छेद करून घालतो.